परग्रहवासी आणि वेरूळचे पाथरवट

गेल्या वर्षी आमच्या वर्गाची सहल वेरूळला गेली होती. सोळा क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे कैलास लेण्यात, आम्ही पाऊल टाकले आणि बसमध्ये घसा बसेपर्यंत भेंड्या खेळणारी आमची टोळी क्षणभर अगदी गप्प झाली. त्या शांततेत मागून एका मैत्रिणीचा आवाज आला, "काय गं, तुझ्याच पाहुण्यांनी बांधलं ना हे?"

सगळे हसले. हसण्याचे कारण असे की, वर्गात माझी ओळख 'परग्रहवाली' अशी आहे. आठवीत असताना शाळेच्या वाचनालयात डॉ. जयंत नारळीकरांचे 'यक्षांची देणगी' हाती पडले आणि तेव्हापासून 'या अफाट विश्वात आपण एकटेच आहोत काय?' या प्रश्नाने मला जे पछाडले ते आजतागायत. कला शाखेत आले ती इतिहासाच्या ओढीने. पण हे वेड सुटले नाही. तेव्हा कैलास लेणे परग्रहवासीयांनी खोदले, या म्हणण्याला मी आनंदाने दुजोरा देईन, असे मैत्रिणीला वाटले तर त्यात तिची काय चूक?

मी मात्र तिच्याशी तिथेच, त्या दगडी हत्तींच्या साक्षीने, कडाडून भांडले. ती बिचारी चकित झाली. माझ्या रागाचे खरे कारण तिला ठाऊक नव्हते. ते आज येथे सांगून टाकते.

नववीत असताना मी एका वक्तृत्व स्पर्धेत 'प्राचीन भारतात परग्रहवासी' या विषयावर भाषण केले होते. मोबाइलवर पाहिलेल्या दोन-तीन चित्रफिती एवढाच माझा अभ्यास. "एवढा प्रचंड डोंगर वरून खाली कोरत आणणे सामान्य माणसाला शक्य आहे काय? छिन्नी-हातोड्याने हे होईल काय?" असे प्रश्न मी हात उंचावून विचारले, टाळ्या घेतल्या आणि दुसरे बक्षीसही मिळवले. ते स्मृतिचिन्ह अजून आमच्या घरी कपाटावर आहे. आई पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवते आणि मला दर वेळी ओशाळल्यासारखे होते. कारण त्या भाषणात मी एक प्रश्न विचारलाच नव्हता. "हे कोणी केले याचा काही पुरावा आहे काय?" हा तो प्रश्न.

पुरावा आहे, आणि भरपूर आहे. कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातले, म्हणजे इ. स. ७५६ ते ७७३ च्या सुमाराचे मानले जाते. त्याच घराण्यातल्या कर्कराजाचा इ. स. ८१२-१३ चा ताम्रपट बडोद्यास सापडला. त्यात कृष्णराजाने एलापूर येथे उभारलेल्या अद्भुत शिवमंदिराचे वर्णन आहे आणि हे एलापूर म्हणजेच वेरूळ, असे अभ्यासक मानतात. गंमत म्हणजे या ताम्रपटात आकाशातून विमाने खरोखरच जातात! पण त्यातले देव मंदिर बांधायला उतरत नाहीत. मंदिर पाहून ते थक्क होतात आणि हे स्वयंभूच असले पाहिजे, असे आपसांत म्हणतात. पुढे तर ते घडविणारा स्थपतीच नवल करतो की, हे माझ्या हातून झाले तरी कसे! कवीची अतिशयोक्ती असेल. तथापि विस्मय देवांचा आणि कर्तृत्व माणसाचे, ही वाटणी बाराशे वर्षांपूर्वीच्या त्या कवीने अचूक केली होती. मी मात्र नववीत ती उलटी करून बक्षीस घेतले.

पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी तर सरळ हिशेबच मांडला. एक माणूस दिवसाला सुमारे ४ घनफूट खडक फोडू शकतो, असे धरले तर २५० कामगारांना हे काम साडेपाच वर्षांत पुरे करता आले असते. आकडा थोडा मागेपुढे होईल. पण 'अशक्य' या शब्दाची हवा काढून घ्यायला तो पुरेसा आहे. भिंतींवर छिन्नीचे घाव दिसतात. अजिंठा-वेरूळला अर्धवट सोडलेली लेणी आहेत. काम कसकसे पुढे सरकत असे, हे त्यांच्यावरून कळते. अवकाशयानातून आलेले प्रगत जीव काम अर्धवट टाकून कशाला जातील? काम अर्धवट राहते ते माणसाचे. त्याचा पैसा संपतो, राजा मरतो, खडकात भेग निघते.

१९६८ साली एरिक फॉन डॅनिकेन यांच्या पुस्तकाने 'प्राचीन देव म्हणजे परग्रहवासी' ही कल्पना जगभर पोहोचवली. तेव्हापासून इजिप्त, पेरू, मेक्सिको आणि आपला देश यांच्या पूर्वजांवर हा आळ वारंवार येतो. युरोपातील उंच चर्चे परग्रहवासीयांनी बांधली, असे मात्र सहसा कोणी म्हणत नाही. या मताची मला चीड येते ती यासाठी. ज्या पाथरवटांनी उन्हातान्हात आयुष्ये झिजवली, त्यांची मजुरी आपण परस्पर दुसऱ्याच्या खात्यावर जमा करतो, आणि तीसुद्धा ज्याचा पत्ता कोणाला ठाऊक नाही अशाच्या!

येथे कोणी म्हणेल, "मग तुझे ते परग्रहाचे वेड सोडून दे की!" नाही. सोडण्याचे काही कारण नाही. उलट खऱ्या शोधाची ओळख झाल्यावर ते वेड वाढलेच. फरक इतकाच पडला की, परग्रहवासी 'मानणारे' आणि परग्रहवासी 'शोधणारे' ही दोन अगदी निराळी माणसे आहेत, हे मला कळले. मानणाऱ्याला काही विलक्षण दिसले की तो म्हणतो, "हे त्यांचेच!" शोधणाऱ्याला काही विलक्षण दिसले की तो म्हणतो, "आपलेच काहीतरी चुकले असेल, आधी ते पाहू."

या शोधाचा आरंभ १९६० सालचा. अमेरिकेत ग्रीन बँक येथे फ्रँक ड्रेक या २९ वर्षांच्या शास्त्रज्ञाने २६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडॅनी या सूर्यासारख्या दोन ताऱ्यांकडे वळवली आणि १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास कान लावला. हायड्रोजनचे अणू याच कंप्रतेवर 'बोलतात'. विश्वात हायड्रोजनच सर्वाधिक, तेव्हा हाक मारायची तर शहाणा माणूस याच सुरात मारील, असा तर्क. पहिल्याच दिवशी दुसऱ्या ताऱ्याच्या दिशेने जोरदार संकेत आला! कल्पना करा, त्या तरुणाच्या छातीत किती धडधडले असेल. पण त्याने वार्ताहरांना बोलावले नाही. तो तपासत बसला. काही दिवसांनी तसाच संकेत मोठ्या दुर्बिणीबरोबर बाहेर ठेवलेल्या छोट्या अँटेनावरही आला. संकेत ताऱ्याकडचा असता तर त्या छोट्या साधनाला तो मुळीच कळला नसता. तो पृथ्वीवरचाच होता. प्रकरण मिटले.

हा 'पृथ्वीवरचा गोंगाट' काय असतो, हे मला नारायणगावजवळच्या खोडदला उमगले. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या राहिल्या. सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात त्या पसरल्या आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाला ही दुर्बीण सर्वसामान्यांना पाहता येते. तेथे गेल्यावर पहिली सूचना मिळते ती मोबाइल बंद करण्याची. आकाशातून येणारे संकेत इतके क्षीण असतात की, आपल्या खिशातल्या यंत्राची बडबड त्यांच्यापुढे ढोलताशासारखी ठरते. परग्रहवासीयांचे ऐकायचे तर आधी आपण गप्प बसायला हवे, हा धडा मी तेथून घेऊन आले.

ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथील दुर्बिणीची हकीकत तर प्रत्येक उतावळ्या माणसाने ऐकावी अशी आहे. तेथे १९९८ पासून अधूनमधून विचित्र, क्षणिक संकेत नोंदले जात. ते पृथ्वीच्या आसपासचेच असावेत असा संशय होता. पण मूळ सापडेना. २०१५ साली एमिली पेट्रॉफ ही संशोधक विद्यार्थिनी आणि तिचे सहकारी यांनी चोर पकडला. तो निघाला अन्न गरम करण्याच्या मायक्रोवेव्ह भट्टीत! वेळ पुरी होण्याआधी कोणी घाईने तिचे दार उघडले की संकेत उमटे. आणि ही फजिती त्यांनी झाकून ठेवली नाही. रीतसर शोधनिबंध लिहून जगाला सांगितली.

आता तुम्ही म्हणाल, ही तर सगळी निराशेचीच कहाणी झाली. परंतु संशय घेत राहिल्याने हाती काय येते, हे पाहायचे असेल तर १९६७ सालच्या केंब्रिजला जाऊ या. जोसेलिन बेल ही उत्तर आयर्लंडची संशोधक विद्यार्थिनी नव्या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी तपासत होती. त्या काळी संगणकाचा आधार नव्हता. यंत्रातून रोज सुमारे शंभर फूट कागद बाहेर पडे आणि त्यावरच्या रेघा ती डोळ्यांनी वाचे. एके दिवशी तिला रेघांत किंचितशी वेगळी खरखर दिसली. दुसरा कोणी असता तर त्याने पान उलटले असते. तिने मागच्या नोंदी काढल्या. ती खरखर आकाशाच्या एकाच भागातून येत होती. जलद नोंद घेतल्यावर दिसले की, दर १.३३ सेकंदाला एक ठोका पडतो आहे, घड्याळासारखा अचूक!

गमतीने त्या संकेताला 'हिरवी छोटी माणसे' अशा अर्थाचे नाव पडले. पण त्यांनी प्रश्न विचारला तो असा : हा संकेत एखाद्या ग्रहावरून येत असेल तर तो ग्रह आपल्या सूर्याभोवती फिरत असणार, मग ठोक्यांमधील अंतरात त्या फिरण्याने बारीक फरक पडायला हवा. तसा फरक सापडला नाही. पाठोपाठ आकाशाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात बेलला तसाच आणखी एक संकेत सापडला. एकमेकांपासून इतक्या दूरच्या दोन संस्कृतींनी एकाच वेळी, एकाच पद्धतीने आपल्याला हाक मारावी, हे संभवत नव्हते. परग्रहवासी गेले; पण त्यांच्या जागी आला स्पंदक तारा. सूर्याहून अधिक द्रव्य जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरच्या गोळ्यात कोंबलेला, स्वतःभोवती गरगर फिरणारा तारा! हिरव्या माणसांपेक्षा हे कमी अद्भुत आहे काय? या शोधासाठी १९७४ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते तिच्या मार्गदर्शकांना, तिला नाही. श्रम एकाचे आणि श्रेय दुसऱ्याचे, हा प्रकार वेरूळच्या पाथरवटांपुरता नाही.

आपल्याकडचे उदाहरण मला याहूनही मोलाचे वाटते. जीवसृष्टीचे बीज अवकाशातून पृथ्वीवर आले असावे, असे मत फ्रेड हॉईल आणि चंद्र विक्रमसिंघे मांडत. हॉईल हे नारळीकरांचे गुरू. गुरूचे मत खरे ठरावे असे शिष्याला वाटणे स्वाभाविक होते. नारळीकरांनी त्यावर नुसते लेख लिहिले नाहीत. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या साहाय्याने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली आणि पुन्हा एप्रिल २००५ मध्ये हैदराबादहून प्रचंड फुगे आकाशात सोडले. २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांमध्ये भरून खाली आणली. २००५ चे नमुने हैदराबाद आणि पुणे अशा दोन प्रयोगशाळांनी वेगवेगळे तपासले, म्हणजे एकीची चूक दुसरीला सापडावी. १२ जीवाणू आणि ६ बुरशी यांच्या वसाहती मिळाल्या. त्यांतील जीवाणूंच्या तीन जाती विज्ञानाला नव्या होत्या, आणि अतिनील किरणांना त्या पृथ्वीवरच्या आपल्या भाऊबंदांपेक्षा अधिक दाद देत नव्हत्या. एकीला हॉईलचे, एकीला संस्थेचे आणि एकीला आर्यभटाचे नाव दिले गेले.

आता २००९ साली निष्कर्ष जाहीर करताना काय सांगितले गेले? "परग्रहावरचे जीव सापडले" असे? मुळीच नाही. हे जीवाणू पृथ्वीबाहेरून आले, असे यावरून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. मात्र शोध पुढे चालू ठेवण्यास उत्तेजन मिळते, असे सांगितले गेले. ज्याला उत्तर 'होय' हवे होते, त्याच मंडळींनी 'अजून नाही' असे लिहिले. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले, तेव्हा अनेकांनी त्यांचे गणित आठवले, कथा आठवल्या. मला हे 'अजून नाही' आठवले.

या शोधाला आज बहर आला आहे. दुसऱ्या सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ साली सापडला. सप्टेंबर २०२५ पर्यंत अशा ग्रहांची संख्या ६,००० च्या पुढे गेली. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजचे निक्कू मधुसूदन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२४ प्रकाशवर्षे दूरच्या के२-१८बी या ग्रहाच्या वातावरणात, पृथ्वीवर प्रामुख्याने सागरी जीवांपासून निर्माण होणाऱ्या एका वायूची चाहूल लागल्याचे जाहीर केले. वृत्तपत्रांत 'जीवसृष्टी सापडली?' असे मथळे झळकले. मूळ निबंधात मात्र खात्रीची शास्त्रीय पातळी अजून गाठलेली नाही, हे स्पष्ट लिहिले होते. आणि इतर शास्त्रज्ञांनी तीच निरीक्षणे तपासून पुरावा अपुरा असल्याचे म्हटले. सप्टेंबर २०२५ मध्ये मंगळावरच्या एका खडकाबद्दलही असाच सावध निबंध आला. त्यावरील ठिपके सूक्ष्मजीवांमुळे पडले असणे 'शक्य' आहे, पण जीवावाचूनही ते पडू शकतील, असे त्याचे म्हणणे. मथळ्यात 'शक्य' हा शब्द बारीक अक्षरांत असतो. आपण वाचकांनी तो मोठ्या अक्षरांत वाचायला शिकले पाहिजे.

या शोधावर नेहमीचा आक्षेप खर्चाचा. लोकांना प्यायला पाणी नसताना आकाशात कान लावून बसणे ही चैन नव्हे काय? आक्षेप खोटा नाही आणि त्याला हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेच्या संसदेनेही १९९३ साली आपल्या सरकारी शोधयोजनेचा पैसा याच तऱ्हेच्या टीकेमुळे बंद केला. परंतु दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक म्हणजे, या शोधाची बरीचशी साधने मुळात इतर संशोधनासाठी उभारलेली असतात. दुसरी गोष्ट, साधने काटकसरीने उभारता येतात. खोडदच्या अँटेना जाड पत्र्याच्या नसून तारांच्या जाळीच्या आहेत. त्यामुळे त्या हलक्या आणि स्वस्त झाल्या. चैन करणारा माणूस जाळीवर भागवत नाही.

मग माझे स्वतःचे मत काय? एवढ्या ग्रहांच्या गर्दीत कोठेतरी, निदान शेवाळासारखी तरी, जीवसृष्टी असावी असे मला वाटते. पण 'मला वाटते' हा पुरावा नव्हे, हे नववीनंतर मी शिकले. सगळ्यात जवळचा तारासुद्धा ४.२ प्रकाशवर्षे दूर आहे. व्हॉयेजर-१ हे आपले सर्वांत दूर गेलेले यान. १९७७ साली निघालेल्या या यानाच्या वेगाने ते अंतर तोडायला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. तेव्हा आपल्या आयुष्यात उत्तर मिळेलच असे नाही. उत्तर मिळणार नाही हे माहीत असूनही प्रश्न नीट विचारत राहणे, याला माझ्या मते सुसंस्कृतपणा म्हणतात.

व्हॉयेजरचे नाव निघाले म्हणून आणखी एक गोष्ट. या दोन्ही यानांवर एकेक सोनेरी तबकडी आहे. पुढे कधी कोणाला ती सापडलीच, तर पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून तीत ५५ भाषांतील नमस्कार आहेत. त्यांत आपला मराठी नमस्कारही आहे. शिवाय जगभरच्या संगीतात गोव्याच्या केरी गावी जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. व्हॉयेजर-१ सुटल्यावर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई वारल्या. त्यांचा स्वर अजून चाललाच आहे. 'आम्ही कोण' हे परक्याला सांगायची वेळ आली तेव्हा शास्त्रज्ञांनाही गाण्याचा, भाषेचा, म्हणजे आपल्या कला शाखेचा आधार घ्यावा लागला. म्हणून हा विषय विज्ञान शाखेचा, आपला नव्हे, असे म्हणणाऱ्या माझ्या वर्गबंधू-भगिनींशी मी सहमत नाही. पुरावा मागणे, तो ताडून पाहणे आणि माणसाच्या कर्तृत्वाचा मान माणसाला देणे हे तर इतिहासाच्या विद्यार्थ्याचेच काम आहे.

वेरूळहून परतताना बसमध्ये ती मैत्रीण शेजारी येऊन बसली. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "बरं बाई, लेणं माणसांनीच केलं. पण मग तुझे पाहुणे कधी यायचे?" मी म्हटले, "माहीत नाही." नववीतल्या त्या भाषणात हे दोन शब्द एकदाही आले नव्हते. ते आले असते तर बहुधा बक्षीस हुकले असते. पण घरातले ते स्मृतिचिन्ह आई दाखवते तेव्हा मान खाली घालण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

ते भाषण मला एकदा दुरुस्त करायचे होते.